पाणकोंबडीस तिचा मुलूख परत मिळवून दिल्याची बखर

तळ्याकाठच्या समस्त मंडळींस जाहीर व्हावे की, हल्ली बागेत नव्याने येणारे लोक फार सवाल करितात. उत्तर कोपऱ्याशी येताच बोलणारे बोलणे का थांबवितात, धावणारे पाय का आवरितात, आणि पांढऱ्या बुटांच्या त्या वयस्कर बाई नुसते हात वर करितात तेव्हा भल्याभल्यांची बोबडी का वळते, हे त्यांस उमगत नाही. एकाने एक सांगावे, दुसऱ्याने भलतेच सांगावे, ऐसा घोळ माजला. सबब ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्या जबान्या घेऊन, पदरचे तिखटमीठ बेताचेच घालून, जे जाहले ते येथे लिहिले आहे. वाचणाराने मन लावून वाचावे, हसू आल्यास हसावे, परंतु तळ्याकाठी बसून वाचत असल्यास हळू हसावे.

प्रथम खाशांची ओळख. बाईसाहेब म्हणजे शाळेतल्या कवायतीच्या बाई, लोकांत नाव शिट्टीबाई. चौतीस वर्षे मैदानाचा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता, आणि त्यांचे फर्मान कागदावर कधी निघत नसे, ते निघे लाल दोरीत ओवलेल्या पितळी शिट्टीतून. एक फुंक म्हणजे रांग, दोन म्हणजे पळा, तीन म्हणजे गाठ माझ्याशी आहे. पन्नाशीच्या आतली निम्मी वस्ती त्या शिट्टीखालून गेलेली, आणि त्यांतले कित्येक आता हुद्दे मिळवून, पोटे सुटून बसले असता, रस्त्यात बाईसाहेबांची स्वारी दिसली की पोट आत ओढून चालत. मग बाईसाहेबांस निवृत्तीचा खलिता आला. शाळेने भाषणे केली, भिंतीवरचे एक घड्याळ नजर केले, आणि दुसऱ्याच दिवशी शिट्टीच्या जागी विजेची घंटा बसविली. ती बातमी ऐकून बाईसाहेब दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

आता रयत म्हणून एकटे यजमान उरले. यजमान पेशाने घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून बारीक चाकांत जन्म घालविलेला सालस माणूस. त्यांस दोन शिट्ट्या म्हणजे चहा, तीन म्हणजे जेवण, आणि एक लांब शिट्टी म्हणजे माझा चष्मा कुठे ठेवलात, ऐसा दस्तूर घालून दिलेला होता आणि तो ते बिनतक्रार पाळीत. परंतु एका माणसाची रांग होत नाही. बाईसाहेब रोज पहाटे बागेत जात, तळ्याला चार फेऱ्या मारीत आणि कोणी आपल्यापुढे सरळ उभे राहात नाही याचे दुःख मनात गिळून घरी येत.

ऐशात एके सकाळी तळ्याच्या उत्तर कोपऱ्यात, पाणकणसांच्या दाटीतून एक पाणकोंबडी बाहेर आली. अंगाने काळी, कपाळ लालभडक, चालताना शेपटी उडवायची खोड. आणि तिच्यामागे सहा पिल्ले, काळी, कापसाच्या बोंडाएवढी, एकामागे एक, सरळ रांगेत, दोघांमध्ये सारखे अंतर. कोणी सांगितले नव्हते, कोणी ओरडले नव्हते. बाईसाहेब जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. अवघ्या वस्तीत रांग धरून चालणारे कोणी उरले असेल तर ते हेच, ऐसे त्यांस वाटले, आणि त्या दिवसापासून त्या चार फेऱ्या मारण्यास नव्हे, तर त्या रांगेस पाहण्यास जाऊ लागल्या.

मग उद्यान खात्यास सुशोभीकरणाची लहर आली. खात्याने पाणकणसे मुळासकट कापिली, काठ सिमेंटाने बांधून काढिला, आणि पाणकोंबडी आपला कुटुंबकबिला घेऊन कोणीकडे परागंदा जाहली ते कळले नाही. मागे उरलेल्या जागी काटेरी वेलीने हातपाय पसरले. बाईसाहेबांनी ते पाहिले आणि यजमानांस सांगितले, "मी तिला परत आणणार." यजमानांनी भिंग न काढता विचारले, "कुणाला?" तेव्हा बाईसाहेबांनी पांढरे बूट चढविले आणि थेट उद्यान खात्याच्या दरबारी दाखल जाहल्या.

खात्याचे मुख्य साहेब बाईसाहेबांस पाहताच खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि मग आपण का उठलो हे आठवून त्यांस राग आला. त्याचे कारण ऐसे की, साहेब इयत्ता सातवीत असता, रांगेत हसल्याच्या गुन्ह्याखाली बाईसाहेबांनी त्यांस मैदानाला सात फेऱ्या मारण्याची सजा फर्माविली होती, आणि शाळेत त्यांचे नाव सातफेरे पडले ते पुढे कित्येक वर्षे पुसले गेले नव्हते. साहेबांनी दरखास्त वाचली, फायली चाळिल्या आणि कळविले की त्या कोपऱ्यात रंगीत दिव्यांचे, गाण्याच्या तालावर नाचणारे कारंजे मंजूर जाहले असून नव्वद दिवसांनी काम सुरू होईल.

"तोवर तुमची ती कोंबडी तिथे येऊन राहिली, आणि मी स्वतः डोळ्यांनी पाहिली, तर कारंजं दुसरीकडे नेतो," साहेब म्हणाले. "नाही आली, तर मग बाई, मला काही सांगू नका."

"पाणकोंबडी," बाईसाहेब म्हणाल्या. "कोंबडी नव्हे."

येणेप्रमाणे तह ठरून बाईसाहेब परतल्या, आणि पुढल्या रविवारी सकाळी सहा वाजता गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी फौज गोळा करण्याकरिता शिट्टी वाजविली. ती ऐकून लोक, बोलावणे कशाचे हे न विचारता, सवयीने बाहेर आले. कोणी अर्धी दाढी केलेले, कोणी एका पायात चप्पल घातलेले, आणि एक जण तर दात घासण्याचा ब्रश तोंडात धरून रांगेत उभा राहिला. मोजदाद केली तो एकोणीस असामी भरले. त्यांत शिंपीणबाई होत्या, ज्यांची कात्री तीन पदरी कापड एका दमात कापीत असे, त्यांस बिनीवर नेमिले. बेकरीवाला अंगापिंडाने दांडगा, त्याच्या हवाली एकचाकी ढकलगाडी केली, जी चालताना ऐसा करकर आवाज करी की लोक तिला तोफ म्हणत. आणि निवृत्त कंपाउंडर, जे चाळीस वर्षे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधे देत आले, त्यांस दफ्तर सोपविले, की रोज काय काम जाहले आणि किती पक्षी दिसले ते नोंदवहीत लिहीत जावे. डॉक्टरांचे अक्षर वाचता वाचता कंपाउंडरांचे स्वतःचे अक्षरही त्याच वळणास गेले होते आणि ते त्यांच्याखेरीज कोणास लागत नसे, परंतु ही गोष्ट नेमणुकीच्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

मग लढाईस तोंड लागले. काटेरी वेल म्हणजे मोठा कावेबाज गनीम, वरून कापावी तर खालून फुटे, एकीकडे ओढावी तर दुसरीकडे शिंपीणबाईंच्या पदरास धरी. बाईसाहेब काठावरच्या उलट्या बादलीवर उभ्या राहून हुकूम सोडीत. एक लांब शिट्टी म्हणजे कापा, दोन आखूड म्हणजे तोफ पुढे, तीन म्हणजे कोण बसलंय तिकडे. आणि फौज कापीत, खणीत, ओढीत चालली, आणि हातांस फोड आले, आणि पाठी मोडून आल्या, आणि तरी कोणी पळून गेला नाही, कारण पळावे तर शिट्टी वाजे आणि पाय आपसूक मागे फिरत. तिसऱ्या रविवारी वेल मुळासकट उखडली. चौथ्या रविवारी खात्याची परवानगी आणून सिमेंटाचा काठ फोडिला आणि मातीचा उतार केला, मात्र एक तुकडा फुटता फुटेना तो तसाच राहिला. पाचव्या रविवारी कारखान्यामागच्या ओढ्यातून पाणकणसांची रोपे आणून, गुडघाभर चिखलात उभे राहून लाविली. सहाव्या रविवारी वाळक्या फांद्यांचे ढीग निम्मे पाण्यात, निम्मे काठावर ऐसे रचिले, की पक्ष्यास लपावयास आडोसा व्हावा. बेकरीवाल्याने पावाचे तुकडे टाकण्याची मसलत दिली, ती बाईसाहेबांनी पक्ष्याच्या पोटास बाधक म्हणून तीन शिट्ट्या वाजवून फेटाळली, आणि बेकरीवाला दोन रविवार रुसून होता.

सरतेशेवटी बाईसाहेबांनी स्वखुशीने एक पाटी रंगवून घेतली आणि कोपऱ्यावर रोविली. तिजवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'शांतता राखा. येथे पक्षी राहतात.' आणि पाटीचा बंदोबस्त चोख राहावा म्हणून बाईसाहेब रोज सकाळ-संध्याकाळ जातीने तेथे उभ्या राहू लागल्या. कोणी मोठ्याने बोलले की शिट्टी. कोणी फोनवर हसले की शिट्टी. एका म्हाताऱ्या गृहस्थास शिंक आली, त्यांसही शिट्टी. ऐसी शांतता त्या तळ्यावर पूर्वी कधी राखिली गेली नव्हती.

परंतु पक्षी येईना. पाणकणसे कंबरभर वाढली, चिखलात किडे जाहले, पाण्यात बेडूक ओरडू लागले, सर्व सरंजाम सिद्ध असता पाणकोंबडीचा पत्ता नाही. पन्नास दिवस सरले. फौजेत कुजबुज सुरू जाहली. बेकरीवाला म्हणाला की पाव टाकला असता तर आली असती. शिंपीणबाई म्हणाल्या की खात्याच्या सिमेंटाचा वास अजून गेला नसेल. कंपाउंडर खाली मान घालून नोंदवहीत लिहीत राहिले. बाईसाहेबांचा मात्र धीर सुटत चालला. शिस्त ढिली पडली म्हणून पक्षी येत नाही, ऐसा त्यांनी निदान केला आणि गस्त दुप्पट केली.

अठ्ठावन्नाव्या दिवशी जे जाहले ते लिहिताना लेखणी अडखळते. बेकरीवाला ओल्या मातीने भरलेली तोफ उतारावरून आणीत असता त्याचा पाय घसरला, आणि तोफ सुटली, आणि थेट नव्या पाणकणसांच्या रोखाने धावली. ते पाहून बाईसाहेब शिट्टी दातांत धरून, फुंकीत, तिला आडव्या जाण्यास पळाल्या, आणि तो जो सिमेंटाचा एक तुकडा राहिला होता त्यास त्यांचा पांढरा बूट अडला, आणि बाईसाहेब तोंडावर आपटल्या. तोफ चिखलात आपसूक रुतून उभी राहिली, तिला कोणी अडविण्याची गरजच नव्हती. बाईसाहेब उठल्या तेव्हा शिट्टी शाबूत होती, परंतु समोरचा दात पडला होता.

दंतवैद्यही त्याच मैदानावर वाढलेले. त्यांनी मोडक्या दाताचा खुंट उपटिला, औषध लाविले आणि फर्माविले, "तीन आठवडे तोंडात काही धरायचं नाही बाई. शिट्टी तर अजिबातच नाही. मग दात बसवू." दंतवैद्यांच्या मुद्रेवर ते बोलताना जरुरीपेक्षा अधिक समाधान दिसले, ऐसे सोबत गेलेल्या शिंपीणबाई सांगतात. तरी बाईसाहेबांनी घरी येऊन एकदा फुंकून पाहिले. नुसती हवा निघाली. यजमानांनी विचारले, "चहा का?" आणि बाईसाहेबांनी आयुष्यात प्रथमच मान हलवून होय म्हटले.

पहिल्या मुक्या रविवारी फौजेचे हाल कुत्रा खाईना. थांबण्याचा हुकूम न मिळाल्याने बेकरीवाला गाडी घेऊन तळ्याभोवती तीन वेळा फिरून आला. मग बाईसाहेबांनी जुनी कवायत उकरून काढिली. दोन्ही हात वर म्हणजे असाल तेथे, असाल तसे थांबा. हात पुढे म्हणजे चला. हात बाजूस म्हणजे पांगा. एकोणीस असामी ती खूण पाहून हलू लागले, आणि ज्यांस हुकूम पाहण्यासाठी मान वर करावी लागे त्यांस बोलण्यास फुरसत राहिली नाही, आणि बेकरीवाल्याने आपण होऊन गाडीच्या चाकास तेल घातले, आणि सारे काम ऐसे मुकाट चालू लागले की बेडकाने उडी मारिली तरी ऐकू येई.

चौसष्टाव्या दिवशी सकाळी शिंपीणबाई अनवाणी धावत बाईसाहेबांच्या दारी आल्या आणि दम खात, कानाशी लागून म्हणाल्या, "आली."

बाईसाहेब तशाच निघाल्या, बूट घालण्याचेही भान राहिले नाही. पाणकणसांत लाल कपाळ दिसले, मग काळे अंग, मग दुसरे लाल कपाळ. जोडी होती. चोचीत वाळकी पाती धरून दोघे ये-जा करीत होते. बाईसाहेबांस इतका आनंद जाहला की त्यांनी शिंपीणबाईंचा हात धरिला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. चार दिवसांत घरटे उभे राहिले, आणि आठवड्यात कंपाउंडरांनी दुर्बिणीतून पाहून अंडी सात असल्याची खबर दिली. बाईसाहेबांनी मनसुबा जाहीर केला की, नव्वदाव्या दिवशी साहेब पाहणीस येतील तेव्हा एकोणीस असामींची रांग उभी करून, नव्या दाताने तीन शिट्ट्यांची सलामी देण्यात येईल. फौजेने हो म्हटले. कोणाच्या तोंडावर मात्र फारसा उत्साह दिसला नाही.

ब्याऐंशीव्या दिवशी दात बसला. बाईसाहेब बागेकडल्या गॅलरीत उभ्या राहिल्या, छाती भरून घेतली, आणि तीन आठवड्यांची कसर भरून काढील ऐसी एक लांब शिट्टी दिली. घरात यजमानांच्या हातातला चहा सांडला. ते कप ठेवून, शाळेने दिलेल्या घड्याळाखाली जाऊन कान लावून उभे राहिले.

"काय झालं?" बाईसाहेबांनी पुसले.

"याचं एक चाक घासतंय. टिकटिकीत कळतं. दोन वर्षं भिंतीवर आहे, पण या तीन आठवड्यांतच ऐकू आलं." यजमानांनी कान पुसला. "आता पुन्हा येईनासं झालं."

यजमान टोमणा मारणारे नव्हेत. त्यांनी चाकाविषयी म्हटले ते चाकाविषयीच म्हटले. परंतु बाईसाहेबांच्या मनात त्या बोलण्याने काहीतरी हलले, आणि त्या जिना उतरून कंपाउंडरांच्या घरी गेल्या आणि नोंदवही मागितली. वही उघडली तो आत मुंग्या पळाव्यात तसे अक्षर. बाईसाहेबांनी ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि मग कंपाउंडरांस वाचण्याचा हुकूम केला. कंपाउंडरांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, पुन्हा चष्मा पुसला.

"पहिला रविवार. शिट्टी एक्केचाळीस. पक्षी शून्य. सोमवार. शिट्टी एकोणीस. पक्षी एक, उडाला. पाटी लावली तो दिवस. शिट्टी त्रेसष्ट. पक्षी शून्य, बेडूक शून्य." ते वाचीत गेले. "दात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. शिट्टी शून्य. पक्षी दोन. तिसऱ्या दिवशी शिट्टी शून्य. पक्षी पाच. सहाव्या दिवशी शिट्टी शून्य. पाणकोंबडी, जोडी."

"हे पहिल्या दिवसापासून लिहिताय तुम्ही?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"लिहून ठेवलं होतं की, बाई," कंपाउंडर म्हणाले.

बाईसाहेब पायरीवर बसल्या. गनीम वेलीत नव्हता, सिमेंटात नव्हता, तो आपल्या गळ्यात लाल दोरीने बांधलेला होता, आणि आपणच त्यास रोज ब्रासो लावून चकचकीत करीत होतो, हे त्यांस कळून चुकले. मग त्यांस नुकतीच वाजविलेली शिट्टी आठवली आणि त्या ताडकन उठल्या. दोघे तडक कोपऱ्यावर गेले. घरटे उघडे होते. सात अंडी सकाळच्या गारव्यात तशीच पडलेली, आणि पाणकोंबडी दूर तळ्याच्या मध्यावर मान उंच करून फिरत होती. बाईसाहेब झाडाआड उभ्या राहिल्या. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. चौतीस वर्षे त्यांनी लोकांस शिक्षा म्हणून उभे केले होते, आता त्या स्वतः उभ्या होत्या, आणि मनात एकच घोकीत होत्या, ये गं बाई, चुकलं माझं, ये. शेवटी पाणकोंबडी आडवाटेने आली, चहूकडे पाहिले आणि अंड्यांवर बसली. बाईसाहेबांनी डोळे पुसले. त्याच दिवशी फर्मान निघाले की सलामी रद्द. शिट्टी मात्र त्यांच्या गळ्यातून निघाली नाही, कारण ती काढावी कशी हे इतक्या वर्षांत त्या विसरल्या होत्या.

नव्वदाव्या दिवशी साहेबांची स्वारी मोठ्या इतमामाने आली. पुढे फोटोवाला, मागे दोन कारकून, आणि सोबत कारंजेवाला, खांद्यावर मोजपट्टी टाकलेला. कारंजेवाला परगावचा, त्याने बाईसाहेबांचे मैदान पाहिलेले नव्हते. साहेब फोनवर मोठमोठ्याने बोलत होते, "अरे, नारळ... नाही, दिवे! दिवे आधी पाठव!" आणि इकडे कारंजेवाला कोणास न पुसता पाटी ओलांडून, मोजपट्टी सोडीत, थेट पाणकणसांत घुसू लागला. घरटे त्याच्यापासून दहा पावलांवर. पाणकोंबडीने मान वर केली. अंगाची पिसे आवळली. आणखी दोन पावले पडती तर ती उठती, आणि ती उठती तर साहेबांनी रिकामे घरटे पाहिले असते, आणि रिकाम्या घरट्यावर कारंजे नाचले असते.

बाईसाहेबांचा हात गळ्याशी गेला. शिट्टी ओठांत आली, नवा दात तिजवर घट्ट बसला, छाती भरली. एकोणीस असामींनी श्वास रोखून धरिले. एक फुंक मारावी तर तो माणूस जागच्या जागी थिजणार हे पक्के, आणि पाणकोंबडी उडणार हेही पक्के. त्या घटकेस बाईसाहेबांच्या मनात काय चालले होते ते दुसऱ्या कोणास ठाऊक नाही, परंतु त्यांनी मागाहून यजमानांस सांगितले ते ऐसे, की वाजविली नाही तर मी कोण, हा एकच सवाल डोक्यात होता आणि त्याचे उत्तर नव्हते. मग त्यांनी ओठ उघडले. शिट्टी खाली पडून दोरीला लोंबली. आणि बाईसाहेबांनी दोन्ही हात सरळ वर केले.

एकोणीस असामी थांबले. फोटोवाला थांबला. आणि खात्याचे मुख्य साहेब, वय वर्षे अठ्ठेचाळीस, टाचा जुळवून, छाती काढून, हात मांड्यांशी चिकटवून ताठ उभे राहिले. हातातला फोन मांडीशी दाबला जाऊन हॅलो हॅलो करीत होता, त्याचे त्यांस भान नव्हते. कारंजेवाल्याने मात्र गोंधळून पुढे पाऊल उचलले, तेव्हा साहेब ओठ न हलविता, नजर समोर ठेवून, दबक्या आवाजात म्हणाले, "ए, हलू नकोस. बाई आहेत."

मग तळ्यावर शांतता पडली. यजमान गर्दीच्या मागे घड्याळ घेऊन उभे होते, त्यांच्या नोंदीप्रमाणे ती चार मिनिटे वीस सेकंद टिकली. पाण्यावर पान पडले तेवढे ऐकू आले. आणि त्या शांततेत पाणकणसांतून आवाज आला, कुर्रुक. साहेबांनी मान न वळविता डोळे वळविले. लाल कपाळ दिसले. पाणकोंबडी अंड्यांवर अंग सारखे करून बसत होती.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "हात सैल करू का?"

बाईसाहेबांनी हात खाली घेतले. कारंजेवाला आल्या पावली मागे आला, आणि साहेबांनी तेथेच कारकुनास सांगून कोपरा पाणकोंबडीचे नावे लिहून दिला आणि कारंजे बागेच्या दुसऱ्या टोकास, वाहने उभी करण्याच्या जागेपाशी रवाना केले. मग जाता जाता ते थबकले, आणि त्यांच्या तोंडी जे बोल आले ते कोणत्याही दफ्तरात नोंदले जाण्यासारखे नव्हते, तरी येथे लिहिणे प्राप्त आहे.

"बाई, त्या सात फेऱ्या. मी हसलो नव्हतो. माझ्या मागचा हसला होता."

बाईसाहेबांनी विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. शिट्टी चालू होती."

 बाईसाहेबांनी मान वाकवून लाल दोरी डोक्यावरून काढिली, दोरीत दोन पांढरे केस अडकले ते सोडविले, आणि शिट्टी साहेबांच्या हातावर ठेविली. "चुकलं माझं, बाळा," त्या म्हणाल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसास बाळा म्हटलेले पाहून कारकून हसू पाहात होते, परंतु साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी तो बेत रहित केला.

पुढे पाचव्या दिवशी सकाळी अंडी फुटली, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पाणकोंबडी आपला सरंजाम घेऊन पाण्यात उतरली. काठावर एकोणीस असामी आणि यजमान ऐसे चपला हातात घेऊन उभे होते. पुढे आई, मागे सात काळे गोळे, एकामागे एक. सातवे पिल्लू मध्येच रांग सोडून एका बेडकाच्या मागे लागले. बाईसाहेबांचा हात सवयीने गळ्याशी गेला. तेथे काही नव्हते. हात क्षणभर तसाच राहिला, मग खाली आला. आईने मागे न पाहता एकदा कुर्रुक केले, आणि पिल्लू पळत येऊन आपल्या जागी लागले.

येणेप्रमाणे नव्वद दिवस मोहीम करून, एक दात आणि एक शिट्टी खर्ची पडून, पाणकोंबडीस तिचा मुलूख परत मिळाला. पिल्ले पाण्यात उतरली त्या दिवसाची नोंद कंपाउंडरांनी स्वहस्ते केली आहे, परंतु अक्षर कोणास लागत नाही आणि न वाचलेल्या नोंदीने केवढा घात होऊ घातला होता तो सर्वांनी पाहिला आहे. म्हणून त्यांच्याकडून वाचवून घेऊन ती येथे सुवाच्य उतरून ठेविली आहे, की पुन्हा कोणास विचारावे लागू नये. शिट्टी शून्य. पिल्ले सात. रांग सरळ.